लाडोबाचा आवाज

लाडोबा आता एकेचाळीस वर्षांचा आहे. केस मागे सरकत सरकत पार टाळूपर्यंत पोचलेत, पोट पट्ट्यावरून बाहेर डोकावतं आणि जिना चढताना गुडघे कुरकुरतात. तरी जग त्याला लाडोबाच म्हणतं. दुकानदार म्हणतो, दाताचा डॉक्टर म्हणतो, एकदा तर पोलिसाने दंडाची पावती फाडताना नावाच्या जागी लाडोबा लिहिलं. खरं नाव शेजारच्या घड्याळवाल्यालाही ठाऊक नाही, आणि आपल्यालाही ते कळून काही फरक पडणार नाही.

सहा वर्षांचा असताना त्याने एका सिनेमात रुसक्या पोराचं काम केलं होतं. गाल फुगवून, हाताची घडी घालून तो म्हणायचा, "मी रुसलोय! कुणी समजूत काढायची नाही!" बस्स, एवढंच. पण लोक असे काही वेडे झाले म्हणता! बिस्किटांच्या डब्यावर लाडोबा, पाटीदप्तरावर लाडोबा. जो भेटेल तो गालगुच्चा घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हण ना रे, म्हणून दाखव ना!"

आता एक गंमत सांगतो. गंमत कसली, सगळं दुखणं तिथंच आहे. ते वाक्य लाडोबाने म्हटलेलंच नव्हतं. तोंड त्याचं, आवाज दुसऱ्याचा. तेव्हा सिनेमातल्या पोरांचे आवाज मोठ्या बायका द्यायच्या. रीतच होती तशी. लाडोबाचा आवाज दिला तो पंचेचाळिशीच्या एका धिप्पाड बाईने, बंद खोलीत, माईकसमोर उभं राहून. तिच्या गळ्यातून असं काही गोड पोर बोलायचं की ऐकणाऱ्याने पाघळावं. आणि खुद्द लाडोबाचा गळा? तिसऱ्या वर्षी घशाचं मोठं दुखणं झालं, तेव्हापासून तो बोलला की फुटकी पिपाणी वाजल्यासारखं वाटायचं. खाली घोगरा आणि वर चिरका.

पहिल्या खेळाला त्याची आई थिएटरात बसली होती. पोरगं पडद्यावर आलं, तोंड उघडलं, आणि ही बाई खुर्चीतून उठलीच. "अहो, हे कोण बोलतंय माझ्या पोराच्या तोंडातून?" लोकांनी शुक्‌शुक्‌ करून बसवलं. दुसऱ्या दिवशी ती निर्मात्याकडे भांडायला गेली. तो हसला. म्हणाला, "बाई, लोकांना आवडलंय ना? मग झालं तर!"

त्यांचं झालं हो. तिचं नाही झालं. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "मरायच्या आधी एकदा तुझा आवाज पडद्यावरून ऐकायचाय मला. तुझा स्वतःचा."

आणि लाडोबाने काय करावं? समारंभात लोक ते वाक्य म्हणायला लावायचे. आपल्या गळ्याने म्हटलं की त्यांचे चेहरे पडायचे, कुणीतरी फसवल्यासारखे. मग पोराने गळा चिमटून त्या बाईची नक्कल शिकून घेतली. सात वर्षांचं पोर, स्वतःसारखं वाटावं म्हणून दुसऱ्याची नक्कल करायचं! माझं तर डोकंच फिरतं याचा विचार केला की.

पुढे मिसरूड फुटलं आणि कामं बंद झाली. बाप लवकर गेला होताच. लाडोबा मोटार चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेत चिकटला आणि सतरा वर्षं तिथंच राहिला. रोज सकाळी सहापासून शेजारच्या सीटवर बसायचं, उजवा पाय जादाच्या ब्रेकवर ठेवायचा आणि ओरडायचं, "क्लच! क्लच दाबा! अहो, तो ब्रेक आहे!" शिकणारेही काही कमी नाहीत. गाडी गिअरमध्ये पडली की खुशीत येऊन म्हणायचे, "सर, आता एकदा म्हणा ना ते." तो म्हणायचा.

अशीच एक पोरगी शिकायला आली. तिशीसुद्धा न ओलांडलेली, पण दोन सिनेमे काढून बसलेली. लाल दिव्यातून तिने गाडी सुसाट पुढे काढली आणि लाडोबा जिवाच्या आकांताने ओरडला. ब्रेक त्यानेच दाबला. समोरचा ट्रक हातभर अंतरावरून गेला. पोरीच्या तोंडचं पाणी पळालेलं, तरी ती ट्रककडे न बघता याच्याकडे बघत बसली.

"दादा, हा तुमचा खरा आवाज?"

"मग काय भाड्याने आणलाय?"

"मला हाच पाहिजे," ती म्हणाली. "चार महिने शोधतेय मी असा आवाज."

काम साधंसुधं नव्हतं. रागाच्या भरात स्वतःच्या सात वर्षांच्या मुलाला मारणारा बाप, आणि मूल दगावतं. शेवटी बायकोसमोर त्याची कबुली, नऊ मिनिटांची, एका दमात. लाडोबाने वाचलं आणि कागद परत केले. "बाई, लोक मला बघून पोराबाळांना पुढे करतात. हे मी कसं करू?" तिने पुन्हा पाठवले. त्याने पुन्हा परत केले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "यात आवाज जागेवरच धरायचाय दादा. मागाहून बदलायची भानगडच नाही." हे त्याने घरी येऊन आईला सांगितलं.

आईचे डोळे तोवर गेले होते. काचबिंदू. दोन वर्षांत आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. आता तिला दिवा लागलाय की नाही तेवढंच कळायचं. ती म्हणाली, "बघायचं तर माझं संपलंच. ऐकायचं तेवढं राहिलंय. घे ते काम."

पुढचे दोन महिने स्वयंपाकघरात तालीम. आई पाटावर बसून वाटाणे सोलायची आणि बायको व्हायची. बायकोला बोलायचं काहीच नव्हतं, नुसतं ऐकायचं. लाडोबा ओट्याला टेकून सुरू करायचा, "मी मारायला नव्हतो गं उठलो. मी त्याला फक्त गप्प करत होतो. एकदा म्हटलं गप्प बस. दोनदा म्हटलं. आणि मग तो गप्प झाला." नऊ मिनिटं आई हलायची नाही. शेवटी म्हणायची, "दुसऱ्यांदा 'गप्प बस' म्हणताना घाई केलीस. तिथं तो स्वतःलाच घाबरलाय." शाळेत चार इयत्ता न काढलेली बाई, पण चूक बरोब्बर धरायची! महिन्याभरात तिचं सगळं पाठ झालं. तो अडकला की ती पुढचा शब्द द्यायची.

चित्रीकरण एका बंद पडलेल्या दवाखान्यात झालं. तिसऱ्या खेपेला लाडोबा जे बोलला ते त्या खोलीतलं कुणी विसरणार नाही. शेवटच्या वाक्याला त्याचा गळा चिरकला, वर गेला, तुटला, आणि तुटलेल्या आवाजातच त्याने वाक्य पुरं केलं. आवाज धरणाऱ्या माणसाने कानावरची यंत्रं काढली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लाडोबा घरी आला तेव्हा घसा पार बसला होता. आईने मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. त्या दिवशी दोघं जेवताना उगाचच हसत होती.

मग सिनेमा विकत घेणाऱ्या लोकांसाठी छोट्या सभागृहात एक खेळ झाला. तीसेक माणसं. लाडोबा शेवटच्या रांगेत. कबुली सुरू झाली, चांगली रंगली, आणि जिथं गळा चिरकला तिथं तिसऱ्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणं म्हणजे जांभईसारखं; एकाला आलं की शेजाऱ्याला येतं. कुणीतरी बारीक आवाज काढून म्हणालं, "मी रुसलोय!" झालं! अख्खी रांग खुदखुदली. पडद्यावर बाप पोराच्या मरणाचं सांगतोय आणि खाली हे हसतायत! 

चार दिवसांनी त्या पोरीचा फोन. ती रडत होती. "दादा, मी खूप भांडले हो. ते म्हणतात, चेहरा उत्तम आहे, पण या आवाजाने सिनेमा घेणार नाही. चेहरा तुमचाच राहील."

"चेहरा माझाच असतो नेहमी," लाडोबा म्हणाला आणि फोन ठेवला.

आणि या बाबाचा चांगुलपणा बघा! ज्याने आवाज द्यायचा होता, त्या माणसाने अडचण सांगितली, तर हा आपण होऊन त्याच्याकडे गेला. तोही माणूस भला, वयाने लहान, पाया पडायलाच निघाला. "दादा, 'गप्प बस'नंतर तुम्ही श्वास कुठं घेतलात ते सापडत नाही." लाडोबाने दाखवलं. घाई कुठं करायची नाही तेही सांगितलं, आईने त्याला सांगितलं होतं तस्सं. मी असतो तर त्या आवाज भरायच्या खोलीची काच फोडून आलो असतो. हा काचेपलीकडे बसून ऐकत राहिला. भरदार, खोल, भिजलेला आवाज. आणि सगळ्यात वाईट काय माहितेय? तो चांगला वाटत होता. लाडोबाला स्वतःलाच रडू आलं.

एवढं होऊनही आईला त्याने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सकाळी चहा देताना तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "साखर बरोबर आहे का?" सतरा वर्षं लोकांना वेळेवर ब्रेक दाबायला शिकवणारा माणूस, पण स्वतःचा पाय काही ब्रेकवर पडेना. तिकडे आईने जिन्यातल्या प्रत्येकाला गाठून सांगितलं होतं, "पोराचा सिनेमा येतोय. आवाजसुद्धा त्याचाच आहे बरं का!" पहिल्या दिवशीच जायचं म्हणून ठेवणीतले कपडे आठवडाभर आधीच बाहेर काढून ठेवले होते.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला दोघं गेली. लाडोबाने टोपी डोळ्यांवर ओढली होती. कडेच्या दोन खुर्च्या धरल्या. अंधार झाला. आई जरा पुढे सरकून, मान तिरकी करून बसली, तालमीला बसायची तशी. सिनेमा सुरू झाला. थोड्याच वेळात पडद्यावर लाडोबा आला आणि त्या दुसऱ्या आवाजात बायकोशी भाजीवरून वाद घालायला लागला.

"आलास का रे तू?" आईने कानाशी विचारलं.

"अजून नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"अजून वेळ आहे, आई."

पडद्यावर भिंतीएवढा त्याचा चेहरा. आई त्याच्याकडे तोंड करून बसलेली, आणि तिला तो दिसत नव्हता. मग दवाखाना आला. 

"मी मारायला नव्हतो गं उठलो," तो भरदार आवाज म्हणाला. "मी त्याला फक्त गप्प करत होतो."

आईचा हात लाडोबाच्या मनगटावर होता, तो घट्ट झाला. ती ऐकत होती. ओठ हलत होते. शब्द तर तिला सगळे पाठच. 'गप्प बस' दुसऱ्यांदा आलं, घाई न करता, अगदी तिने सांगितलं होतं तसं. नऊ मिनिटं ती हलली नाही. कुणी हसलं नाही. मागे एक बाई हुंदके देत होती.

आवाज बदलला असेल, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. एवढ्या मोठ्या बाप्याचा आवाज कोण कशाला बदलेल? आणि जागेवरच धरतात, असं त्यानेच तर सांगितलं होतं. तिला एकच कळलं. तिने चाचपत त्याचा चेहरा शोधला आणि गालावर हात ठेवला.

"काढलं ना रे तुला?" ती हळूच म्हणाली. "मागाहून दुसऱ्याला दिलं ना काम? आणि मला आणलंस इथवर, माझं मन मोडू नये म्हणून."

समोर त्याचा भलामोठा चेहरा रडत होता. दाखवायचं तरी कुणाला? खरं सांगायचं तर काय सांगायचं? की आई, मीच आहे तो, फक्त तुला ऐकू येतो तेवढा सोडून? लाडोबाने गालावरचा तिचा हात धरला.

"हो आई," तो म्हणाला. "काढलं."

त्याचा तो घोगरा आवाज ऐकून पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून रागाने बघितलं. आईने त्याच्या हातावर थोपटलं.

"हा बरा बोलतो," ती म्हणाली. "पण तू जास्त चांगलं म्हटलं असतंस."