ठासणीच्या बंदुकीचं माप

आज शेजारी फटाके उडाले. दारूचा वास आला आणि ओहायोतलं ते जुनं कुरण धुरासारखं तरंगत समोर आलं.

मी तेव्हा अमेरिकेत नवीन होते. घराबाहेर पडत नसे, कुणाशी बोलत नसे. आमच्या ह्यांनी मला नेमबाजीला नेलं. किती दारूला नेम नीट बसतो ते ठरवायला ते ठासणीच्या बंदुकीत दर खेपेला थोडी जास्त दारू भरायचे, माझ्या जुन्या साडीच्या तुपट चिंधीत गोळी ठासायचे आणि कागदावरची भोकं जवळजवळ पडतात का ते मला विचारायचे.

"सांग, अजून वाढवू?"

भोकं पांगली होती. मी पुटपुटले, "मघाचंच माप बरं होतं."

"बोलल्या बाई एकदाच्या!" ते धुरातून हसले.

तेव्हा मी लाजेने मेले. आता वाटतं, भोकं त्यांनाही दिसतच होती.