कापसातला खोकला

भूत नसतं. दर्यापूरच्या बसस्टँडवर स्वतः लिहिलेली पत्रकं वाटून मी हे सांगत होतो, आणि नेमकं तेव्हाच आमच्या काकांचं भूत झालं.

काका पौषात गेले. भाव वाढेल म्हणून त्यांनी बैठकीत भरलेला कापूस तसाच होता. (आमच्याकडे बैठकीत पाहुण्यांपेक्षा कापसाला मान जास्त!) फाल्गुनात त्या ढिगातून भरदुपारी खोकला येऊ लागला. हुबेहूब काकांचा! शेजारणींनी घरात पाय टाकणं सोडलं. इकडे कुरडयांचा गहू भिजलेला, चीक घाटायला चार हात हवेत, आणि काकू एकटी.

"काकू, जन्मभर ऐकलेला आवाज मेंदू सोडत नाही. कुठं खट्ट झालं की त्याला काकाच वाटतात. तुला त्यांची आठवण येते, एवढंच."

"मंग शेजारच्या शांतीलेही तुया काकाची आठवण येते का रे?"

(मी पत्रक उलटून मागची बाजूही पाहिली.)

"तिनं तुझ्याकडून ऐकलं, म्हणून तिला ऐकू आलं! थांब, मी ढिगावरच बसतो. भूत निघालं तर पत्रकं चुलीत घाल."

दारात गल्ली जमली. मी ऐटीत वर चढलो. खालून आवाज आला, "खों!"

'हा मनाचा खेळ,' मी मनाला बजावलं. पुन्हा "खों!" आणि माझा घोटाच कुणीतरी धरला! ढीग घसरला, मी गळ्यापर्यंत आत, आणि तोंडातून निघालं, "काका, सोडा! पत्रकं मागं घेतो!"

गल्ली पळाली. गल्ली परत आली. तोवर माझ्यामागून एक मांजर बाहेर पडलं होतं. नाकात कापूस, खोकून खोकून बेजार, आणि मागं पिल्लं.

"हे बघा भूत!" मी ओरडलो.

"मांजराचं राहू दे," शांतीमावशी म्हणाली. "काका काय म्हणे, ते सांग."

काकूनं मात्र हळूच विचारलं, "चिडले तं नव्हते ना रे? ते गेले त्या दिवशी मी जेवाले वाढाले उशीर केला होता."

मांजराकडे रोखलेलं बोट मी खाली घेतलं.

"नाही काकू, कुणी चिडलेलं नव्हतं." (यात खोटं काही नाही. मांजरसुद्धा घाबरलेलंच होतं.)

भुताची हकिकत ऐकायला त्या दुपारी अख्खी गल्ली काकूकडे बसली. कुरडया कधी झाल्या कळलंच नाही. मी मांजराचं सांगायला तोंड उघडलं की शांतीमावशी म्हणे, "शिकेल पोट्टा हाय, पत्रकं वाटते. खोटं कायले बोलन?"

पत्रकं आता हातोहात खपतात. घेणारा फक्त आधी विचारतो, "भुतानं ज्याचा पाय धरला होता, तो तूच ना बे?"