टाकीत तांबं आलं कुठून

माझा स्वभाव चौकशीचा. शेजारच्या घरात कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी मला कारण हवं असतं. त्यामुळे समुद्र इतका लांब असताना, भोपाळमध्ये, तिसऱ्या मजल्यावर खाऱ्या पाण्याची टाकी पाळायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, यात नवल काही नाही.

टाकीत दोन मासे होते, शेवाळ खाणाऱ्या सहा गोगलगाई होत्या आणि एक हिरवं प्रवाळ. त्याला पाच तोंडं. सकाळी दिवा लागला की त्यातून मऊ बोटं हळूहळू बाहेर यायची. बाबा निवृत्त झाले, तुलसी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आई-बाबा माझ्याकडे हबीबगंजला आले. शेवटच्या आजारात आई त्या काचेसमोरच खुर्ची टाकून बसायची. बोटं दिसली की स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायची, "जागं झालं गं!"

आई गेली आणि काही दिवसांतच टाकीत शेवाळ माजलं. केसांसारखं लांब, दगडादगडावर. शेवाळाला खायला लागतं नायट्रेट आणि फॉस्फेट, आणि ते येतं उरलेल्या खाण्यातून, घाणीतून. मी माशांचं खाणं निम्मं केलं. दिव्याचे तास कमी केले. आरओचा फिल्टर बदलला, दर रविवारी पाणी बदललं, वहीत आकडे लिहिले. फॉस्फेट खाली यायचं आणि बुधवारपर्यंत परत वर. मला राग यायचा, पण खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. कोणीतरी मला गुपचूप चकवत होतं.

मग गोगलगाई काचेवरून टपाटपा पडायला लागल्या आणि माझी मजा संपली. प्रवाळाची तीन तोंडं विरघळून गेली. दोन उरली, तीही मिटलेली. ती गेली तर आईची ती सकाळची हाकही गेल्यासारखी होईल, या विचाराने ऑफिसात माझं लक्ष लागेना.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, घोंघे मर रहे हैं तो तांबा चेक कीजिए."

पाणी तपासलं, तर परीक्षानळीत तांब्याचा रंग आला! गोगलगाईंना आणि प्रवाळाला तांबं म्हणजे विष. पण काच आणि प्लॅस्टिकच्या टाकीत तांबं येणार कुठून? पंपाचे स्क्रू पाहिले, हीटर उघडला, रेतीत एखादं नाणं पडलंय का तेही चाळून पाहिलं. शेवटी फिल्टरचा कापूस पिळला आणि त्यातून कुंकू लागलेला तांदळाचा दाणा निघाला. अक्षता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवून दाराआड उभी राहिले. आई गेल्यापासून पूजा बाबा करायचे. तांब्याच्या ताम्हनात बाळकृष्ण, त्याला चमचाभर दूध, मग पाणी. पूजा झाली. बाबांनी देव पुसून ठेवला, ताम्हन उचललं आणि टाकीचं झाकण सरकवून तीर्थ सावकाश आत ओतलं.

"बाबा! अहो, काय करताय?" मी जवळजवळ किंचाळलेच. "चार महिने मी डोकं फोडून घेतेय, आणि तुम्ही यात दूध ओतताय? बेसिन नाहीये का घरात?"

बाबा दचकले. ताम्हन छातीशी धरून म्हणाले, "तीर्थ मोरीत टाकायचं? तुझ्या आईने कधी टाकलं नाही. ती तुळशीला घालायची. तुळस वाळली."

"म्हणून माझ्या टाकीत?"

"तिच्या अस्थी आपण नर्मदेत सोडल्या. नर्मदा समुद्राला मिळते," ते म्हणाले. "तूच म्हणालीस ना, हे समुद्राचं पाणी आहे."

मला माझीच लाज वाटली. वहीभर आकडे लिहिले, पण घरातल्या माणसाला एक साधा प्रश्न मी चार महिन्यांत विचारला नव्हता. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि परीक्षानळी दाखवली. दुधामुळे शेवाळ कसं माजतं आणि ताम्हनाचं तांबं पाण्यात कसं उतरतं, ते सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिटलेल्या दोन तोंडांकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे मीच मारत होतो," ते म्हणाले. मी 'नाही हो' म्हणाले, पण ते खोटं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही तुळशीचं रोप आणलं. तीर्थ तिकडे जायला लागलं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, तेवढं साधं आरओचं पाणी भरावं लागतं. ते काम बाबांनी मागून घेतलं. पूजा झाली की प्लॅस्टिकच्या मगातून, ओठांत काहीतरी पुटपुटत, ते काचेवरच्या खुणेपर्यंत पाणी घालतात. मी पाणी बदलत राहिले, तांबं शोषणारी पिशवी लावली, शेवाळ हाताने उपटलं.

दीड महिन्याने एका सकाळी मी पोहे परतत होते. बाहेरून बाबांची हाक आली, "जागं झालं गं!"

मी गॅस बंद केला. बाहेर गेले तर बाबा आईच्या खुर्चीत बसले होते.