सव्वीस चमचे

बेकरीत त्याला सगळे 'काटा' म्हणत. क्रीममध्ये साखर किती आणि लोणी किती, हे वजनकाट्यापेक्षा त्याची जीभ बिनचूक सांगे, म्हणून हे नाव पडलं. बत्तीस वर्षं तो त्याच दगडी टेबलापाशी उभा होता. कमरेला पांढरं फडकं, खिशात लांब दांड्याचा चमचा. पाक असो, जॅम असो की कस्टर्ड, त्याच्या जिभेवरून गेल्याशिवाय पातेलं पुढे सरकत नसे. मालक मोठ्या गिऱ्हाइकांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगे, "यंत्र बिघडेल, पण हा नाही." काट्याला ते ऐकून दिवसभर बरं वाटे. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच.

या टेबलापाशी तो हौसेने आला नव्हता. आई-वडील वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा तो एकोणीसचा होता आणि धाकटी बहीण सात वर्षांची. कुणीतरी कमावायला हवं होतं. तिच्या वेण्या घालायला तो शिकला, तिच्या शाळेत पालक म्हणून बसला, तिच्या ताटात वाढून झाल्यावर आपलं वाढून घेतलं. पुढे लग्न झालं तरी बायकोला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं, की या घरात नवऱ्याची थोरली लेक आधीपासूनच आहे. ती छोटी मोठी होऊन शाळेत गणित शिकवू लागली, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. काटा डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "माझी घ्या," म्हणाला. जणू खिशातलं पेन द्यायचं होतं.

रक्तगट जुळला, बाकीचं जुळलं. अडलं ते साखरेवर. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी सहा पॉइंट दोन आली.

"हा अजून मधुमेह नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर उभे आहात. आज तुमची एक किडनी काढली आणि उद्या मधुमेह झाला, तर उरलेली एकटी किती दिवस टिकणार? एक पेशंट बरा करताना मला दुसरा तयार करायचा नाही. ही साखर मागे फिरते. पाच पॉइंट सातच्या खाली आणा, वजन उतरवा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

काट्याने कंबर कसली. पहाटे भट्टी पेटायच्या आधी तो तासभर झपझप चालू लागला. पाव बंद, बटाटा बंद, बेकरीतून घरी येणारे मोडके केक बंद. ताटात आधी भाजी, मग डाळ किंवा अंडी, आणि शेवटी चार घास भात. चहा बिनसाखरेचा. पहिल्या दिवशी तो चहा पिताना त्याचं तोंड असं झालं, की बायको म्हणाली, "अहो, औषध नाही ते. इतकं काय?" रविवारी तो वजन करी आणि आकडा बहिणीला फोनवर सांगे.

"दादा, ऐंशीच्या खाली आलास की मी तुला शंभर टक्के मार्क देईन," ती म्हणे. आवाज थकलेला, पण मास्तरकी जात नव्हती.

तीन महिन्यांत तो शहाऐंशीवरून ऐंशीवर आला. विजारी ढगळ झाल्या. रिपोर्ट घ्यायला दोघं नवरा-बायको गेले, तेव्हा बायकोने चांगली साडी नेसली होती.

सहा पॉइंट एक.

बायको कागद उलटासुलटा करून बघत राहिली. डॉक्टरांनी त्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथे त्याने शपथेवर सांगितलं, की साखरेचा कण खाल्लेला नाही. माणूस खोटं बोलत नव्हता, हे बाईंनाही दिसत होतं. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंतचा सगळा दिवस विचारला, आणि मग सहज म्हणाल्या, "काम काय करता?"

"क्रीमची, पाकाची चव बघतो."

"चव बघून थुंकता ना?"

काट्याला राग आला. त्याला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, जो स्वतःचं क्रीम थुंकतो त्याच्या हातचं कुणी खाऊ नये. टेबलापाशी थुंकलेल्या पोऱ्याला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. बत्तीस वर्षं तो गिळत आला होता. त्या धंद्यात कुणीच ते खाण्यात मोजत नाही. न्हाव्याने दिवसभर केस कापले म्हणून त्याचे स्वतःचे केस कमी होत नाहीत, तसंच त्याला हे वाटे. काम ते काम.

बाईंनी काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाल्या, "घरी जाऊन मोजा."

संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरात एक रिकामी वाटी घेतली. प्रत्येक पातेलं आठवायचं आणि त्याच्या नावाने एक चमचा साखर टाकायची. पांढरं क्रीम तीनदा. पाक चढताना, उतरताना आणि गार झाल्यावर. लिंबाचं कस्टर्ड, दोन जॅम, जाळलेली साखर. चौदाव्या चमच्याला वाटी भरली, बायकोने दुसरी पुढे केली. सव्वीस चमचे झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत. पहाटे तासभर चालायचं, भाताचे चार घास मोजायचे, आणि दिवसभर उभ्या उभ्या साखर चाटायची.

"आता?" बायकोने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाकडे काम बदलून मागितलं. मालक वैतागला, "मग चव कोण बघणार?" शेवटी काटा मागच्या खोलीत खोकी बांधायला गेला आणि टेबलापाशी दुसरा माणूस आला, ज्याला लिंबू आणि व्हिनेगर यांतला फरक कळत नव्हता. पहिल्यांदाच क्रीम काट्याच्या जिभेवरून न जाता दुकानात गेलं. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. महिनाभर तो वाट बघत होता, पण कुणाला काही कळलंच नाही. त्याचं दुःख त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते.

पुढचे तीन महिने साखर उतरत गेली. वजन शहात्तर झालं. डॉक्टर खूश होत्या. पण पहिल्या तपासणीपासूनच्या पाचव्या महिन्यात बहिणीला ताप भरला. डायलिसिसच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, तो हृदयापर्यंत गेला, आणि महिन्याभराने ती घरी आली तेव्हा जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबू लागली.

काट्याचा रिपोर्ट आला. पाच पॉइंट चार. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला.

"तुमच्याकडून आता काहीच अडचण नाही," त्या म्हणाल्या. "तिचं हृदय ऑपरेशन सोसणार नाही. आम्ही चौघा डॉक्टरांनी मिळून बघितलं."

"पहिल्याच वेळी माझी साखर उतरली असती तर?"

"असं मागे जाऊन मोजू नका."

म्हणजे तेव्हा ऑपरेशन झालं असतं. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतात ते दुसऱ्याच्या गोठ्याबद्दल. स्वतःच्या गोठ्यात उभं राहून ते म्हणवत नाही.

दुपारी तो डायलिसिसच्या खोलीत गेला. ओळीने आठ खुर्च्या, आठ यंत्रं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती, हातात नळ्या, पायांवर शाल. डॉक्टरांनी तिला सकाळीच सांगितलं होतं.

"किती आली?" तिने विचारलं.

"पाच पॉइंट चार."

"शाब्बास."

मग त्याला राहवलं नाही. पहिले तीन महिने का फुकट गेले ते त्याने आजवर तिच्यापासून लपवलं होतं. आता त्याने सगळं सांगून टाकलं. ती यंत्राकडे बघत राहिली. गणिताची बाई ती. मनात काय मांडत होती ते त्याला दिसत होतं.

"तीन महिने, दादा," ती म्हणाली.

त्याने तिच्या पायांवरची शाल सारखी केली.

"एक खरं सांग. तेव्हा तुला एकदाही वाटलं नाही, की हेही पोटातच जातंय?"

एकदा वाटलं होतं. दुसऱ्या महिन्यात, एका सकाळी, जाळलेल्या साखरेचं पातेलं उतरवताना. चमचा ओठांशी आला आणि त्याचा हात थांबला. पण मालक दारात एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवून सांगत होता, आणि दोघंही बघत होते. त्याने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि मान डोलावली. ते गिऱ्हाईक हसलं होतं. त्यानंतर त्याने तो विचार पुन्हा मनात येऊ दिला नाही.

"नाही गं," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"मग नको मनाला लावून घेऊस," ती म्हणाली. "वाटलं असतं आणि तरी खाल्लं असतंस, तर मी तुला माफ केलं नसतं."

तिने मोकळा हात त्याच्या हातात दिला आणि डोळे मिटले. यंत्राचे अजून दोन तास बाकी होते. तो तसाच तिचा हात धरून बसून राहिला.