खंडेनवमीला धुतलेली किल्ली

बाजारात कोणाची गाडी ट्वीक-ट्वीक करून उघडली की मी आजबी मागच्या सीटकडं बघतो. गाडी कोणाची, रंग कोणता, ते बघत न्हाई. आधी मागची सीट. तिथं कोणाची पिशवी असती, कोणाचं लेकरू असतं, न्हाईतर काहीच नसतं. मग मी पुढं चालायला लागतो. बायको जाऊन लई वर्षं झाली, ही खोड गेली न्हाई.

मी परळीला एका कापडवाल्याकडं ड्रायव्हर होतो. मालकाला सगळे आप्पा म्हणायचे, मालकिणीला आक्का. शिक्षण माझं चौथीपर्यंत, तेबी पुरं न्हाई. लेक चौसाळ्याला दिलेली. आमी दोघं नवराबायको आप्पांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचो.

आधी आप्पांकडं जुनी अँबॅसिडर होती. तिची किल्ली माझ्या करदोड्याला बांधलेली, आंघोळीलाबी सोडत नव्हतो. तिच्यावर पाणी पडलं, घाम पडला, डिझेल लागलं, तिला कधी काही झालं न्हाई. बायको पाव्हण्यांपुढं सांगायची, "ती थोरली हाय, मी धाकटी. तिला इचारल्याबिगर हे घराबाहेर पडत न्हाईत." पाव्हणे हसायचे. मीबी हसायचो, पण मला ते खरंच वाटायचं. गाडी म्हणजे किल्ली, अन् किल्ली माझ्या कमरेला.

मग नव्या नव्या गाड्या यायला लागल्या. दर चार-सहा महिन्याला परळीच्या रस्त्यावर नवंच तोंड दिसायचं. आप्पांनीबी एक पांढरी गाडी घेतली अन् लातूरला नेऊन तिला रिमोटचं लॉक बसवून घेतलं. किल्लीच्या कडीत एक काळी डबी, डबीला दोन बटनं. दाबलं की गाडी लांबूनच ट्वीक करायची, दिवे मिचकवायची अन् चारी दारं एकदम उघडायची. कोणी चोरायला हात लावला तर बोंब मारायची, इंजन चालूच होऊ द्यायची न्हाई. सहा तऱ्हेचे आवाज होते तिच्यात.

बसवणारा मिस्त्री मला स्टिअरिंगच्या खाली वाकून काहीतरी दाखवत होता. रिमोट बिघडला तर असं करा, म्हणत होता. मी वाकलोच न्हाई. मी म्हणलो, "वीस वर्षं झाली बे गाडी चालवतो. आता तू मला दार उघडायला शिकवणार का?" आप्पांनी किल्ली-डबीचा एक जोड स्वतःच्या खिशात घातला, एक माझ्याकडं दिला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पूजतात. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते तो धुऊन पाटावर मांडतो. माझे पाने, पकड, जॅकचा दांडा, स्क्रू ड्रायव्हर, सगळं बायको दरसाली परातीत धुवायची अन् शेवटी किल्ली. आप्पा आदल्या दिवशी रेल्वेनं माल बघायला हैदराबादला गेलते, त्यांचा जोड त्यांच्यासंगं. मी सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बटन दाबून लॉक केली अन् किल्ली तिच्यापुढं टाकली.

तिनं ती उचलली, उलटीपालटी केली अन् मला इचारलं, "ओ, ही धुवू का? हिला बटनं हायती."

मी दाढी करत होतो. आरशातूनच म्हणलो, "किल्ली हाय ना? मग धू. धुतल्यानं काय झिजती?"

तिनं धुतली. बाकीच्यांसारखीच, परातीत बुडवून. पदरानं पुसली, हळदकुंकू लावलं, पाटावर ठेवली.

दुपारी ती चुलीपुढनं उठून उंबऱ्यात येऊन बसली. पाठ दुखायलीय म्हणली, मग हात म्हणली. तोंडावर घाम होता, तो साधा घाम नव्हता. आक्का धावत आल्या, म्हणल्या, गाडी काढा अन् अंबाजोगाईला दवाखान्यात न्या. मी पाटावरनं किल्ली उचलली, पळत गाडीपाशी गेलो, बटन दाबलं. काही न्हाई. कुंकू पुसलं, परत दाबलं. बटनाच्या कडेनं पाणी आलं.

मी किल्ली दाराच्या भोकात घातली. दार उघडलं. अन् गाडी बोंबलायला लागली.

आक्कांनी अन् मी तिला मागच्या सीटवर निजवलं. मी पुढं बसलो, किल्ली फिरवली. इंजन हूं न्हाई की चूं न्हाई. सहा आवाज पाळीपाळीनं वाजत होते. त्यातला एक अँब्युलन्सचा होता. गाडी अँब्युलन्ससारखी ओरडत होती अन् जागची हलत नव्हती. गल्लीतले लोक बाहेर आले. सणाचा दिवस, हार घातलेली गाडी, त्यांना वाटलं ड्रायव्हर नवं खेळणं दाखवायलाय. एकजण हसून हात हलवत होता. मी त्याला शिवी दिली, ती त्याला ऐकू गेली न्हाई.

मागं वळून बघितलं तर तिनं छातीवरचे हात काढून कानावर ठेवले होते. "ते आधी बंद करा ओ," म्हणत होती. मी बॉनेट उघडलं अन् बॅटरीची वायर हातानं उपटली. मग एकदम गप. तेव्हा कुठं लोकांना कळलं, दोघं जीप बघायला पळाले.

मी तिच्यापाशी गेलो. तिनं इचारलं, "मी धुतली म्हणून का ओ?"

मी काय म्हणायला पायजे होतं ते मला आता ठाऊक हाय. तेव्हा मी म्हणलो, "मग काय तर."

जीप आली. अंबाजोगाई यायच्या आत ती गेली. माझ्याशी तिचं बोलणं तेवढंच शेवटचं झालं.

तेराव्यानंतर लातूरचा मिस्त्री आला. त्यानं उपटलेली वायर जोडली, स्टिअरिंगखाली हात घातला, कुठलंतरी बारकं बटन दाबून धरलं अन् किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. माझ्याकडं बघून म्हणला, "तुमाला दाखवलं होतं की मामा." आप्पांनी इचारलं, रिमोट भिजला कसा? मी म्हणलो, तिनं धुतला, पूजेला. आप्पा म्हणले, भोळी होती बिचारी.

तेच सगळीकडं झालं. भोळी होती. पाव्हण्यांत, गल्लीत, लेकीच्या सासरी. देवाधर्मापायी किल्ली धुतली अन् जिवाला मुकली. मी कोणाला अडवलं न्हाई. ड्रायव्हरी सोडली, अन् कावून सोडली ते कोणी इचारलं न्हाई, सगळ्यांना वाटलं बायकोच्या दुःखानं. रिकाम्या खोलीत बसलो की मला सहा आवाज ऐकू यायचे, अजून येतात. ते थांबले की जास्त भ्या वाटतं. कारण त्याच्यानंतर ती इचारती.

गेल्या साली लेकीकडं होतो. जावयानं नवीन गाडी घेतली हाय, तिला किल्लीच न्हाई. डबी खिशात ठेवायची, दार आपोआप उघडतं, गाडी बोटानं चालू होती. पुढं तीबी लागणार न्हाई म्हणतो जावई, फोननं उघडंल, तोंड बघून उघडंल. खंडेनवमीला लेकीनं पाट मांडला, डबी नुसती कुंकवाचं बोट लावून ठेवली अन् तिच्या पोरींना म्हणली, "हिला पाणी लावू नका गं. आजीला कळलं नव्हतं, तुमाला कळतंय."

मी म्हणलो, "तिला कळलं होतं."

लेकीनं वर बघितलं. मी सगळं सांगितलं. ती धुवू का म्हणत होती, मी धू म्हणलो. पोरींपुढंच सांगितलं.

लेक म्हणली, "मग ती गाडीत होती तेव्हा हे म्हणलाव का तिला, मीच धू म्हणलो म्हणून?"

मी न्हाई म्हणलो. तिनं पूजेचं ताट खाली ठेवलं अन् आत गेली. दुपारी जेवायला बोलवायला जावई आला.