आईची वीत

बाबांच्या पाठीमागे काय चाललंय ते बाबांना दिसत नसे. ते आईला दिसे, आणि मला.

गोमुखासनात एक हात खांद्यावरून मागे टाकायचा, दुसरा कमरेकडून पाठीवर चढवायचा आणि दोन्ही हातांची बोटं पाठीवर एकमेकांत अडकवायची. धडधाकट माणसालाही ते सहजासहजी जमत नाही. बाबांचा तर उजवा खांदा मोडका. आदल्या हंगामात वादळात डोलकाठीवरचं लाकूड तुटून त्यांच्या अंगावर आलं होतं. हाड बसलं, पण हात कानाच्या वर जाईना. आणि हात वर जात नाही अशा तांडेलाच्या ताब्यात गलबत कोण देणार? त्याच वादळात आमच्या शेजारचा खलाशी गेला. त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. बाबा घरी आले तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "दर्यान एकदा हात धरून सोडल्यान. परत सोडूचो नाय."

गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते आणि तारकर्लीला आमच्या घराच्या मागे माडांपलीकडे नुसता समुद्र होता. पावसाळ्यात तो बंद. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. त्या चार महिन्यांत मालवणच्या एका निवृत्त मास्तरांनी बाबांना हे आसन शिकवलं. त्यांचं म्हणणं, ज्या दिवशी पाठीवर बोटं भेटतील त्या दिवशी सुकाणू धरायला मोकळे. या मास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस भला होता, पण राग काही भलेपणा बघून येत नाही.

बोटं भेटेपर्यंत मधे दोरी धरायची, म्हणून जुन्या जाळ्याच्या दोरीचा हातभर तुकडा. मांडी जमिनीला टेकत नव्हती, म्हणून बुडाखाली भाताची अर्धी गोणी. आसन झालं की पाटावर वाकळ गुंडाळून तिच्यावर पाठ टाकून पडायचं आणि खांद्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. पेज जराशी निवली तर ताट सरकवणारा हा माणूस, पण दोरी हातात घेतली की गरीब गाय व्हायचा. ओढायचं नाही, श्वास सोडायचा आणि वाट बघायची, असं मास्तरांनी बजावलं होतं. बाबा वाट बघायचे. पागोळ्यांच्या आवाजात पडवीवर त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि मला उगाचच भीती वाटायची.

आसन लागलं की ते विचारायचे, "किती रवला गो?" आई मागे जाऊन दोन हातांच्या मधे आपली वीत लावायची आणि सांगायची. सुरुवातीला खरं सांगायची. दोन विती, मग दीड, मग वीत.

मग ती वितीवरच थांबली. बाबांची बोटं दोरीवरून सरकत जवळ येत होती, मी डोळ्यांनी बघत होते. अंतर चार बोटांवर आलं तरी आई म्हणायची, "वीतभर आसा अजून." एकदा मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. दारात साप निघाला की ती जशी न हलता उभी राहायची, तशी उभी होती. मी तोंड मिटलं.

गलबताच्या मालकाचा माणूस इरलं घेऊन अधूनमधून अंगणात यायचा. हात कसा आहे विचारायचा. बाबा प्रामाणिकपणे सांगायचे, वीतभर राहिलंय. तो म्हणायचा, वेंगुर्ल्याचा एक तांडेल मोकळा आहे, मालक नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतील, पुढे नाही. एरवी कोणाला पाण्याचंही न विचारणारी माझी आई त्या माणसाला चहा करून द्यायची, गूळ जास्त घालून.

तिचा हिशेब सरळ होता. बाबा कंटाळतील, दिवस निघून जातील, गलबत दुसऱ्याच्या हाती जाईल. पण ती आपल्या नवऱ्याला ओळखायला चुकली. वीत हलत नाही म्हटल्यावर बाबा सकाळच्या जोडीला संध्याकाळीही बसू लागले.

श्रावणात एका सकाळी आई नेहमीसारखी मागे गेली आणि वीतभर म्हणाली. बाबांनी श्वास सोडला, खांदा आणखी खाली जाऊ दिला, आणि बोटांना बोटं लागली. दोरी खाली पडली. ते तसेच बसून राहिले, हात न सोडता. मग मान वळवून म्हणाले, "आता वीत सांगलंस मा गो?"

आई दोरी उचलत होती. "माजी वीत ल्हान आसा," ती म्हणाली.

बाबा हसले. इतके हसले की गोणीवरून खाली आले. त्यांना वाटलं, आपण ढिले पडू नये म्हणून बायकोने ही युक्ती केली. त्यांनी ती गोष्ट गावभर केली. पौर्णिमेला नारळ वाहायला सगळे किनाऱ्यावर जमले, तेव्हा त्याच उजव्या हाताने त्यांनी नारळ लांब भिरकावला आणि मोठ्याने सांगितलं, "हात माज्या बायलेन बरो केल्यान." लोक कौतुकाने आईकडे बघत होते. तिने पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, लाजली.

पाणी निवळल्यावर गलबत कौलं आणायला मंगळूरकडे निघालं. बाबा दिसेनासे होईपर्यंत हात हलवत होते, पार डोक्याच्या वर. त्या गलबतावरचं कोणीच परत आलं नाही.

भेटायला येणाऱ्या बायका आईजवळ बसायच्या आणि धीर द्यायचा म्हणून तेच आठवायच्या, की तुझं किती कौतुक करायचा, तू हात बरा केलास म्हणून सगळ्यांना सांगायचा. आई ऐकून घ्यायची. एकीलाही तिने खरं सांगितलं नाही. मीही नाही.

त्यानंतर आईने स्वतःच्या वितीने काही मोजलं नाही. परकराचं कापड असो नाहीतर वाफ्यातल्या रोपांमधलं अंतर, ती मला हाक मारायची आणि म्हणायची, "ये गो, तुजी वीत घाल."