शेपूट छाटायची हत्यारं

ज्या हत्याराचं गावात कुणालाच काम नाही ते आपल्या पडवीत असलंच पाहिजे, यावर माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस पेण ते रोहा या टापूत झालेला नाही. मामी गेल्यापासून ते रोह्याला एकटेच. पेणला आमच्याकडे राहायला या म्हणून आम्ही विनवून थकलो होतो, पण एवढी हत्यारं टाकून ते येणार कसे?

एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांत त्यांना रद्दीत एक परदेशी शेतीचं मासिक सापडलं. तिकडे म्हणे कोकरांची शेपटं छाटतात, म्हणजे घाण चिकटत नाही, माश्या बसत नाहीत. झालं, मामांनी लोहाराकडून चपट्या पात्याची डागणी करून घेतली आणि सुताराकडून शेपूट घालायला भोक पाडलेली फळी. कोकरू तेवढं नव्हतं. आमच्या भाताच्या मुलखात मेंढ्या येतात त्या कापणीनंतर, घाटावरच्या धनगरांबरोबर, खतासाठी शेतात बसवायला; आणि त्यांचं शेपूट जेमतेम बोटभर. एवढ्याशा शेपटाला कसली घाण, असं मी विचारलं तर मामा म्हणाले, "आज बोटभर हाय. लक्ष दिलं नाय तर उद्या हातभर होईल."

त्या हिवाळ्यात एका धनगरणीने आई मेलेलं कोकरू सांभाळायला मामांच्या हवाली केलं. मामांनी डागणी लाल केली, फळी मांडली आणि कोकरू शांत राहावं म्हणून त्याच्या तोंडात दुधाची बाटली दिली. दूध पिताना कोकरू शेपूट हलवतं, हे मासिकात नव्हतं. ते इवलंसं शेपूट असं काही थरथरू लागलं की मामा डागणी धरून बघतच राहिले. पिऊन होऊ दे, म्हणाले. पिऊन झाल्यावर ते झोपलं, आणि झोपलेल्याला कसं डागायचं? असा मुहूर्त टळत टळत शिमगा आला. तोवर डागणीवर पापड भाजले जात होते, कोकरू मामांच्या खाटेखाली निजत होतं, आणि आम्ही भेटायला गेलो की मामा आमच्याऐवजी त्याच्याशीच गप्पा मारत.

धनगर घाटावर परतायला निघाले तेव्हा मामांनी कोकरू द्यायला साफ नकार दिला. धनगरीण भांडली नाही. पडवीत टेकून हळूच म्हणाली, "जीव लावलाय तुम्ही, बाबा. पर एकलं मेंढरू ऱ्हात न्हाई. खातंपितं, पर झुरतं."

मामा स्वतःच कोकराला उचलून कळपात सोडून आले.

आठवड्याभराने ते पेणला एसटीतून उतरले, हातात एकच पिशवी. दारातूनच माझ्या बायकोला म्हणाले, "तुमची मागची खोली रिकामीच हाय ना गो?"